आवाज लांब कसा न्यायचा, समोरून कसा न्यायचा: श्रुतिका आणि ऑडिओकथा करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या घरी श्रुतिका, ऑडिओकथा किंवा कथेचं पॉडकास्ट करणारे लोक हे प्रश्न सतत विचारतात. खालची उत्तरं लॅपटॉप, एक माइक आणि बऱ्यापैकी हेडफोन एवढ्यावर करता येण्यासारखी आहेत. हिशेब करताना ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला आहे, म्हणजे २० अंश तापमानाचा. एक मिलिसेकंद म्हणजे साधारण ३४ सेंटिमीटर, एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं तोंडी करता येतं.

आवाज कमी केला तरी पात्र लांब गेल्यासारखं का वाटत नाही?

कारण कमी आवाज म्हणजे लांबचा आवाज नव्हे. कानाशी कुजबुजणाऱ्याचा आवाजही कमीच असतो. नुसता फेडर (आवाज कमी-जास्त करणारं सरकतं बटण) खाली ओढला तर ऐकणाऱ्याला पात्र तिथेच उभं दिसतं, फक्त कुणीतरी व्हॉल्यूम उतरवलाय असं वाटतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो हे खरं आहे, पण मुळात तो केवढा होता हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसेल तर तो कशाच्या तुलनेत उतरला हे त्याला कळणार कसं?

या सगळ्या पानात मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे: लांबचं ऐकवायचं असेल तर त्याच क्षणी जवळचंही काहीतरी ऐकवा. ओसरीवर आजी अडकित्त्याने सुपारी कातरते आहे, तो कुरकुर आवाज अगदी कानापाशी आहे, आणि मग गल्लीच्या टोकावरून "अगं ए शांते!" अशी हाक येते. आता ती हाक आपोआप लांब जाते, तुम्ही तिच्यावर फारसं काही केलं नसलं तरी. अडकित्ता काढून टाका, तीच हाक हवेत लटकते.

मग कानाला अंतर कळतं तरी कशावरून?

बंद जागेत सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे थेट आवाज आणि भिंतींवरून परतलेला आवाज यांचं प्रमाण. बोलणारा जवळ असला की थेट आवाज वरचढ असतो. तो लांब गेला की थेट आवाज झपाट्याने उतरतो, पण खोलीत भरून राहिलेला परतीचा आवाज जवळपास तेवढाच राहतो. एका ठराविक अंतराला दोन्ही सारखे होतात आणि त्यापुढे खोलीच जास्त ऐकू येते.

त्याखालोखाल बारीक तपशील. ओठ सुटण्याचा आवाज, श्वास, स-श-चची धार या गोष्टी जवळूनच ऐकू येतात. मग आवाजाची रुंदी: जवळचा जमाव डावी-उजवीकडे पसरलेला असतो, लांबचा जमाव एका ठिपक्यात मावतो. आणि बोलणाऱ्याने घशाला दिलेला ताण. या शेवटच्या खुणेकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आणखी एक गोष्ट माहीत असलेली बरी. डोळ्यांची मदत नसेल तर लांबच्या आवाजाचं अंतर माणूस खऱ्यापेक्षा कमीच धरतो. त्यामुळे पन्नास मीटर दाखवायचे असतील तर गणिताप्रमाणे पन्नास करून भागत नाही, थोडी अतिशयोक्ती लागते.

रिव्हर्ब, म्हणजे हा परतीचा आवाज, किती द्यायचा, काही हिशेब आहे का?

आहे, आणि तो जुना असूनही अजून पक्का चालतो. स्टॅनफर्डमध्ये काम करणारे संगीतकार जॉन चाउनिंग यांनी १९७१ मध्ये हलत्या आवाजाचा भास संगणकावर कसा घडवायचा यावर एक शोधनिबंध लिहिला. त्यातली रीत अशी: थेट आवाज अंतराच्या व्यस्त प्रमाणात उतरवायचा आणि रिव्हर्ब अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. आपल्या भाषेत, अंतर दुप्पट झालं की ड्राय, म्हणजे थेट आवाज, ६ डेसिबल खाली आणि रिव्हर्ब ३ डेसिबल खाली. म्हणजे दर दुपटीला रिव्हर्बची बाजू ३ डेसिबलने वर येत जाते.

सॉफ्टवेअरमध्ये हे करताना रिव्हर्ब पात्राच्या ट्रॅकवर न लावता वेगळ्या बसवर (अनेक ट्रॅकच्या सामाईक वाटेवर) ठेवा आणि सेंडने, म्हणजे ट्रॅकच्या आवाजाची एक प्रत तिकडे वळवून, पाठवा. सेंड प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीच निघणारा, ठेवलात तर ड्रायचा फेडर आणि सेंडची पातळी या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे हलवता येतात, आणि पात्र बोलता बोलता मागे चाललंय असं ऑटोमेशन (वेळेप्रमाणे पातळ्या आपोआप हलवणारा आलेख) सहज आखता येतं. त्या दृश्यातली सगळी पात्रं त्याच एका रिव्हर्बवर पाठवा. प्रत्येकाला वेगळा रिव्हर्ब दिला की माणसं एका खोलीत उभी राहत नाहीत.

चाउनिंग यांच्या मांडणीत आणखी एक बारकावा आहे. आवाज जवळ असताना रिव्हर्ब चहूबाजूंनी यावा आणि आवाज लांब जाईल तसा तो आवाजाच्याच दिशेला गोळा होत जावा. आपण साध्या स्टीरिओत करतो तेव्हा लांबच्या पात्राचा रिव्हर्ब थोडा अरुंद करून त्याच्याच बाजूला सरकवला की हाच परिणाम मिळतो. फार थोडे लोक हे करतात. करून पाहा, फरक चटकन कळेल.

प्री-डिले, म्हणजे थेट आवाजानंतर रिव्हर्ब सुरू होईपर्यंतचा वेळ, वाढवला की आवाज लांब जातो ना?

उलट आहे. हा गोंधळ खूप जणांचा होतो.

तुम्ही एका दालनात बसला आहात, समोरची भिंत तुमच्यापासून ६ मीटरवर आहे. बोलणारा तुमच्यापासून १ मीटरवर असेल तर थेट आवाज १ मीटर चालतो. भिंतीवरून येणारा आवाज आधी ५ मीटर जातो आणि मग ६ मीटर परत येतो, म्हणजे ११ मीटर. फरक १० मीटरचा, वेळात सुमारे २९ मिलिसेकंद. आता बोलणारा मागे सरकून भिंतीपासून १ मीटरवर गेला. थेट वाट ५ मीटर, परतीची ७ मीटर, फरक २ मीटर, म्हणजे ६ मिलिसेकंदांच्या आत. त्यामुळे जवळच्या पात्राला लांब प्री-डिले द्यायचा, लांबच्याला आखूड किंवा शून्य. मोठ्या देवळात जवळ उभा असलेला पुजारी हवा असेल तर रिव्हर्ब भरपूर, पण त्याच्याआधी ३०-४० मिलिसेकंदांची मोकळी जागा ठेवा. शब्द पुढे राहतात, गाभारा मागे.

शेतात, माळावर भिंतीच नसतात. तिथे अंतर कसं दाखवायचं?

तिथे हवा मदतीला येते. हवा वरच्या पट्टीतले स्वर शोषते, आणि किती शोषते हे तापमान आणि दमटपणा यांवर ठरतं. ८ किलोहर्ट्झचा स्वर घ्या. हवा १५ अंश आणि २० टक्के आर्द्रतेची, म्हणजे कोरडी गार असेल, तर दर १०० मीटरला तो सुमारे २० डेसिबल गमावतो. हवा ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रतेची असेल तर तेवढ्याच अंतरात जेमतेम ६. पावसाळी दमट हवेत टाळांची किणकिण जास्त लांबवर शाबूत पोचते ती यामुळे. १ किलोहर्ट्झच्या आसपास मात्र दोन्ही हवांत १०० मीटरमागे एक डेसिबलही जात नाही.

यातून कामाची गोष्ट अशी निघते की दहा-पंधरा मीटरच्या आत हवेचा परिणाम नगण्य असतो. अंगणापलीकडच्या माणसावर लो-पास, म्हणजे वरचे स्वर कापणारा, फिल्टर लावून त्याचा आवाज बोथट केला तर तो लांब जात नाही, गोधडीत गुंडाळल्यासारखा वाटतो. दीडदोनशे मीटरपुढे फिल्टर वापरा, आणि तोही हलक्या उताराचा. एकदम कापणारा नको.

माळावर दुसरी मदत म्हणजे सभोवतालचा आवाज. वारा, रातकिडे, लांबच्या रस्त्याची घरघर यांचा थर एकसारखा चालू ठेवा आणि लांबच्या हाकेला त्यात अर्धवट बुडू द्या. हाकेची सुरुवात हरवते, शेवटचा लांबवलेला स्वर तेवढा वर येतो. गावाकडे "ओऽऽ" असाच प्रतिसाद येतो आणि तो पोचतो, कारण व्यंजनं वाटेत गळाली तरी लांबवलेला स्वर टिकतो. लेखकांनी संहितेतच हे ध्यानात घ्यावं: लांबच्या पात्राला जोडाक्षरांनी भरलेलं लांबलचक वाक्य देऊ नये.

नटाला खरंच माइकपासून लांब उभं करावं का?

घशाचा ताण खरा हवा, पाय कुठे आहेत हे दुय्यम. कुजबुज कितीही मोठी करून वाजवली तरी ती जवळचीच वाटते. आरोळी कितीही हळू वाजवली तरी ती लांबचीच वाटते. म्हणून माइकसमोर आरामात म्हटलेलं "अहो, इकडे या लवकर" हे वाक्य कुठल्याच प्लगइनने शंभर मीटर मागे जात नाही. नटाला सांगा की समोरचा माणूस ओढ्यापलीकडे आहे. तो आपोआप स्वर चढवेल, शब्द ताणेल, मध्ये थांबून उत्तराची वाट पाहील. हे रेकॉर्डिंगच्या वेळी मिळालं नाही तर मिक्समध्ये मिळत नाही.

आणि याच्या उलटही लक्ष ठेवा. जेवणाच्या पानावर समोरासमोर बसलेली सून "आई, तुम्हाला आमटी वाढू?" हे रंगमंचावरून म्हटल्यासारखं म्हणाली, की पान एकदम वीस फूट लांब जातं. नाटकातून आलेल्या चांगल्या चांगल्या नटांकडून हे होतं. त्यांना माइक म्हणजे समोर बसलेली व्यक्ती, एवढं एकदाच सांगावं लागतं.

उभं राहण्याचं म्हणाल तर रेडिओ नाटकवाल्यांची एक सुंदर युक्ती आहे. आठाच्या आकाराने ऐकणारा रिबन माइक पुढून आणि मागून ऐकतो, दोन्ही बाजूंनी जवळपास बहिरा असतो. नट समोरून एक-दोन पावलं कडेला सरकला की थेट आवाज गळून पडतो, खोली तेवढी उरते आणि ऐकणाऱ्याला वाटतं पात्र दाराबाहेर गेलं. तुमच्याकडे कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारा, माइक असेल तर त्याची बहिरी बाजू मागे असते. नटाला माइकच्या पाठीमागे नेऊन बोलायला लावा. हे जमण्यासाठी खोलीला स्वतःचा बरा आवाज हवा. गाद्या-पडद्यांनी भरलेल्या कोपऱ्यात हे होणार नाही.

एखाद्या पात्राला अगदी कानाजवळ आणायचं असेल तर?

माइकपासून चार-सहा इंचांवर बोलायला लावा. दिशा धरणारे माइक जवळून खर्ज वाढवून घेतात, आणि तो भरीव खर्ज आपल्याला जवळिकीचा वाटतो. रिव्हर्ब शून्य. कॉम्प्रेसरने (मोठ्या आणि लहान आवाजांतला फरक कमी करणाऱ्या साधनाने) बारीक श्वास वर आणा, श्वास कापू नका. प-ब-फचे फटके टाळायला माइक तोंडाच्या समोर न ठेवता किंचित कडेला ठेवा. एवढंच.

गाडी समोरून जाते तेव्हा स्वर बदलतो. तो किती बदलायचा?

हा डॉप्लर परिणाम. क्रिस्टियान डॉप्लर यांनी तो १८४२ मध्ये मांडला. १८४५ मध्ये हॉलंडात बाइस बॅलट यांनी उट्रेक्टजवळ चालत्या रेल्वेवर तुतारीवादक बसवून आणि रुळांशेजारी पक्क्या कानाचे संगीतकार उभे करून तो पडताळून पाहिला.

आपल्या कामापुरतं गणित सोपं आहे. एखाद्या छोट्या स्टेशनात न थांबता फास्ट लोकल ताशी ७२ किलोमीटरने जाते आहे असं धरा, म्हणजे सेकंदाला २० मीटर. तिचा भोंगा येताना मूळ स्वरापेक्षा साधारण एक अर्धस्वर, म्हणजे पेटीवरची एक पट्टी वर ऐकू येतो, आणि गेल्यावर एक पट्टी खाली. येतानाच्या आणि जातानाच्या स्वरांत शुद्ध रे आणि सा यांच्याएवढं अंतर पडतं. गाणाऱ्याला सांगायचं तर भोंगा रिषभावरून षड्जावर उतरतो. ताशी ३६ किलोमीटरने जाणाऱ्या रिक्षाचा एकूण उतार एकाच पट्टीचा. धावणाऱ्या माणसाचा अर्ध्या पट्टीच्या आसपास, आणि माणूस धावताना एका स्वरात ओरडत नसल्यामुळे तो कुणाला कळतही नाही.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. गाडी जवळ येईल तसा स्वर चढवत न्यायचा आणि गेल्यावर उतरवायचा, असं ऑटोमेशन अनेक जण काढतात. असं घडत नाही. सरळ रेषेत येणाऱ्या गाडीचा स्वर आधीपासूनच चढलेला असतो, तो तसाच राहतो, आणि समोरून जाताना खाली घसरतो. चढतो तो फक्त जोर. आलेख म्हणजे वरची सपाट रेघ, मध्ये घसरण, खालची सपाट रेघ.

घसरण किती झटकन व्हावी हे गाडी किती जवळून जाते त्यावर ठरतं. ऐकणाऱ्यापासूनचं सर्वांत कमी अंतर भागिले वेग, एवढे सेकंद समोर येण्याच्या आधी आणि तेवढेच नंतर, या काळात एकूण बदलाचा ७० टक्के भाग उरकतो. फलाटाच्या कडेला ३ मीटरवरून लोकल गेली तर हा काळ सगळा मिळून ०.३ सेकंद. ६० मीटरवरच्या बांधावरून ऐकली तर ६ सेकंद. जोराचंही त्याच मापाने ठरवा: त्या दोन टोकांना आवाज सर्वोच्च पातळीपेक्षा ३ डेसिबल खाली असतो. दिशाही त्याच वेळी ४५ अंशांवर असते, म्हणजे पॅनची (आवाज डावी-उजवीकडे नेणाऱ्या नियंत्रणाची) चाल पण यातूनच निघाली. हे तीनही आलेख एकाच मापाने काढले की गाडी खरी वाटते. पॅन दहा सेकंद चाललाय आणि स्वर अर्ध्या सेकंदात पडलाय, असं झालं की कानाला काहीतरी खटकतं, कारण सांगता आलं नाही तरी.

एक सावधगिरी: रुळांशेजारी उभं राहून रेकॉर्ड केलेल्या गाडीत डॉप्लर आधीच आहे. तिच्यावर पुन्हा लावू नका. वर जे सांगितलं ते एका जागी उभ्या इंजिनाच्या किंवा गाडीत बसून घेतलेल्या आवाजासाठी.

डॉप्लरचं प्लगइन नसेल तर?

दोन वाटा आहेत. एक, क्लिपच्या स्वरावर ऑटोमेशन काढा. रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक तुकड्याला पिच एन्व्हलप, म्हणजे स्वराचा आलेख, मिळतो. ऑडॅसिटीत स्लायडिंग स्ट्रेच वापरून, क्लिप तीन भागांत कापून काम भागतं. दुसरी वाट जास्त चांगली: एक असा डिले (आवाज थोडा उशिरा वाजवणारा इफेक्ट) घ्या ज्याचा वेळ बदलताना खडखड न होता स्वर सरकतो. डिलेचे मिलिसेकंद म्हणजेच अंतर. गाडी जवळ येताना वेळ कमी करत न्या, लांब जाताना वाढवा. सेकंदाला २० मीटर म्हणजे दर सेकंदाला ५८ मिलिसेकंद. डॉप्लर आपोआप तयार होतो, वेगळा स्वर बदलावा लागत नाही. फीडबॅक (आवाजाची पुनरावृत्ती) शून्य आणि मिक्स शंभर टक्के वेट, म्हणजे फक्त डिलेतून आलेला आवाज, ठेवायला विसरू नका.

दिंडी लांबून येते, समोरून जाते आणि निघून जाते. हे कसं बांधायचं?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न, कारण यात डॉप्लरचा काडीचाही उपयोग नाही. दिंडी ताशी चारेक किलोमीटरने चालते. त्या वेगाला स्वरात पडणारा फरक एका पट्टीच्या आठव्या-नवव्या हिश्श्याएवढा असतो, टाळांच्या गजरात तो हरवतो. इथे सगळा भास अंतराच्या खुणांवर उभा करायचा.

आधी काळ आकसावा लागतो. तीनशे मीटर चालायला दिंडीला साडेचार मिनिटं लागतात, तेवढा वेळ श्रोता थांबणार नाही. आणि खऱ्या हिशेबाने गेलं तर चार मिनिटं जवळपास काहीच बदलत नाही, सगळा बदल शेवटच्या अर्ध्या मिनिटात कोसळतो. म्हणून मी अंतर ठराविक वेळाने अर्धं करत नेते: ३२० मीटर, १६०, ८०, ४०, २०, १०, ५. प्रत्येक टप्प्याला दहा सेकंद दिले की एका मिनिटात दिंडी दारात येते आणि जोर एकसारखा चढत राहतो. दर टप्प्याला ६ डेसिबल मात्र चढवू नका. तो हिशेब एका ठिकाणाहून येणाऱ्या आवाजाचा. दिंडी लांबलचक असते, आणि लांब रेषेसारख्या उगमाचा आवाज जवळून पाहता दर दुपटीला ३ डेसिबलच उतरतो. सबंध प्रवासात वीस-बावीस डेसिबलचा चढ मला पुरेसा वाटतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय कधी उलगडायचं. तीनशे मीटरवर नुसता एक गुंजारव, मोनो (दोन्ही बाजूंना एकच), ठिपक्याएवढा, वरचे स्वर उतरवलेले. मृदंगाची धुमाकडची थाप असल्यासारखी वाटते, नक्की नाही. ऐंशी मीटरवर ठेका कळतो. चाळीसवर "ज्ञानोबा माउली तुकाराम" हे शब्द सुटे होतात. वीसवर टाळांचा एक घोळका न राहता वेगवेगळे टाळ ऐकू येतात, कुणाचा किंचित मागे, कुणाचा पुढे. दहावर एकाच वारकऱ्याचा बसलेला घसा ओळखता येतो. पाचवर पावलं, ओल्या रस्त्यावरच्या वहाणा, धाप. यासाठी सामूहिक रेकॉर्डिंगखेरीज चार-पाच सुटे आवाज जवळून घेतलेले हवेत. ते टप्प्याटप्प्याने आत सोडायचे. स्टीरिओची रुंदी शून्यापासून सुरू करून पाच मीटरवर पूर्ण उघडायची.

हे सगळं चालू असताना जवळ कोण आहे? पाराच्या कडेला उभी एक म्हातारी, तिच्या बांगड्या, छत्रीवरचा पाऊस. दिंडी चढत जाईल तशी छत्री बुडत जाते. तिने शेजारच्या नातवाला म्हटलेलं "बाळा, हात जोड" हे वाक्य सुरुवातीला कुजबुजून ऐकू येतं आणि दिंडी समोर असताना तेच तिला मोठ्याने म्हणावं लागतं. श्रोत्याला अंतर या बाईच्या घशातून कळतं.

समोरून जाताना आधी पताकांबरोबरची नुसती पावलं, मग टाळकरी, मग मृदंग आणि वीणा, मागे तुळशी घेतलेल्या बाया आणि त्यांचा वेगळ्या पट्टीतला आवाज. सगळं एकदम एका फेडरने डावीकडून उजवीकडे ढकललं की ट्रक गेल्यासारखं होतं. प्रत्येक थर वेगवेगळ्या वेळी समोर यायला हवा.

जाताना येण्याचा आरसा करू नका. माणसाचा आवाज तोंडाच्या दिशेला जास्त धारदार असतो. येताना तोंडं तुमच्याकडे, जाताना पाठी. म्हणून परतीला त्याच अंतरावर गाण्याचे वरचे स्वर आणखी उतरवा, टाळांना मात्र तेवढं लावू नका. आणि वेळ कमी द्या, चाळीस सेकंद खूप झाले. छत्रीवरचा पाऊस परत वर आला की श्रोत्याला कळतं, दिंडी गेली.

डावीकडून उजवीकडे न्यायला पॅन पुरतो का?

स्पीकरवर बऱ्यापैकी पुरतो. हेडफोनवर पॅन पूर्ण एका बाजूला नेला तर आवाज थेट कानात शिरतो, कारण खऱ्या जगात दुसऱ्या कानालाही तो पोचतोच, फक्त थोडा उशिरा आणि थोडा मंद. हा उशीर जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांचा असतो. त्यामुळे टोकापर्यंत नेऊ नका, किंवा पॅनबरोबर दुसऱ्या बाजूला तेवढा उशीर द्या. खालच्या स्वरांची दिशा कान वेळेच्या फरकावरून ओळखतो, वरच्या स्वरांची जोराच्या फरकावरून. १९०७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी हे मांडलं.

दोन्ही बाजूंना तोच आवाज देऊन एक बाजू १०-२० मिलिसेकंद मागे ठेवण्याची युक्ती, जी हास यांच्या नावाने ओळखली जाते, रुंदीसाठी छान वाटते. पण मोनोत ऐकताच दोन्ही प्रती एकमेकींना खातात आणि आवाज पोकळ होतो. संवादावर ती वापरू नका.

पाठीमागून येणारी पावलं स्टीरिओत जमतात का?

साध्या स्टीरिओत नाही. हेडफोनसाठी बायनॉरल पॅनर वापरला तर काही जणांना जमतात. कानाची पाळी, डोकं आणि खांदे आवाजाला दिशेप्रमाणे वेगळा रंग देतात, बायनॉरल पॅनर तोच रंग लावतो. पण तो सरासरी कानाचा असतो, तुमच्या कानाचा नसतो, म्हणून पुढचं आणि मागचं यांत पुष्कळांची गल्लत होते. संहिता हा प्रश्न जास्त चांगला सोडवते. "मागे बघू नकोस" असं एका पात्राने हळूच म्हटलं, की साध्या मोनो पावलांनाही श्रोता पाठीमागे नेऊन ठेवतो.

'८डी ऑडिओ' म्हणतात ते हेच का?

त्यात आठ मिती वगैरे काही नसतं. तयार गाण्याला गोल फिरणारा पॅन आणि वर रिव्हर्ब, एवढंच असतं. गोष्ट सांगताना आवाज विनाकारण डोक्याभोवती फिरला की श्रोता गोष्टीतून बाहेर येतो. हालचालीला पात्राचं कारण हवं.

ढगांचा गडगडाट लांबचा कसा करायचा?

जवळची वीज कडाडते, लांबची गडगडते. विजेची रेघ काही किलोमीटर लांब असते. तिच्या वेगवेगळ्या भागांचा आवाज वेगवेगळ्या वेळी पोचतो, त्यामुळे तो पसरतो, आणि वरचे स्वर वाटेत हवेत जिरतात. कडाडण्याचा नमुना नुसता बोथट करून चालत नाही, सुरुवातीचा फटकाही काढावा लागतो. पात्राने "वीज चमकली!" म्हटल्यावर गडगडाट किती वेळाने यावा, तर किलोमीटरला सुमारे तीन सेकंद. पुढची वीज दोनच सेकंदांनी वाजली, की वादळ जवळ आल्याचं संवादात सांगावं लागत नाही.

शेजारच्या खोलीतलं भांडण?

हा लांबचा नव्हे, अडलेला आवाज. भिंत वरचे स्वर अडवते, खालचे जाऊ देते. इथे लो-पास मनसोक्त वापरा, ५००-६०० हर्ट्झपर्यंत उतरवा. शब्द न कळता फक्त सूर कळावा. फिल्टरनंतर मात्र ऐकणाऱ्याच्या खोलीचा थोडा रिव्हर्ब द्या, कारण तो आवाज आता याच खोलीत आहे. दार उघडतं त्या क्षणी फिल्टर उघडा.

तयार रिव्हर्बमध्ये आपली घरं का सापडत नाहीत?

तयार नमुने बहुतेक सभागृहांचे आणि चर्चचे असतात. शेणाने सारवलेलं माजघर, चाळीचा व्हरांडा, दगडी विहीर, एसटी स्टँडची शेड हे आवाज स्वतःच टिपावे लागतात. शांत वेळी फुगा फोडून त्या जागेचा नाद रेकॉर्ड करा आणि कन्व्हॉल्यूशन रिव्हर्बमध्ये (टिपलेल्या नादावरून तीच जागा उभी करणाऱ्या रिव्हर्बमध्ये) घाला. दुसरी रीत म्हणजे रेकॉर्ड केलेला संवाद त्या जागेत स्पीकरवर वाजवून लांबून पुन्हा रेकॉर्ड करणं. चित्रपटांचे ध्वनिआरेखक वॉल्टर मर्च यांनी याला 'वर्ल्डायझिंग' असं नाव दिलं. विहिरीच्या काठावरून ओरडणाऱ्या पात्रासाठी मी दर वेळी हीच रीत सुचवेन.

बहुतेक लोक मोबाइलच्या स्पीकरवर ऐकतात. मग एवढी मेहनत कशाला?

मोबाइलवर दिशा बहुतेक जाते, खर्जही जवळपास उरत नाही. पण थेट आवाज आणि रिव्हर्ब यांचं प्रमाण टिकतं, तपशिलांचं उलगडणं टिकतं, घशाचा ताण टिकतो. म्हणूनच दिशेपेक्षा अंतरावर जास्त मेहनत घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. मिक्स झाल्यावर तो मोनो करून फोनवर ऐका. दिंडी तेव्हाही लांबून जवळ येत असेल तर काम झालं. येत नसेल तर रुंदीवर फार भिस्त ठेवली आहे असं समजा.

डॉल्बी अ‍ॅटमॉस घ्यावं का?

२०१२ मध्ये आलेल्या या पद्धतीत चित्रपटगृहासाठी १२८ पर्यंत ध्वनिधारा हाताळता येतात, त्यांतल्या ११८ सुट्या वस्तू म्हणून कुठेही हलवता येतात. चित्रपटासाठी उत्तम. पंचवीस मिनिटांच्या श्रुतिकेला त्या पैशांत दोन चांगले नट आणि एक बरी खोली मिळाली तर ती घ्या.